गॅसच्या भुलेने यकृताचा रक्तपुरवठा खरोखर घटतो का?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या रुग्णालयात पंचेचाळीस वर्षांचा एक शेतमजूर पित्ताशयाच्या उघड्या शस्त्रक्रियेसाठी दाखल आहे, तो अनेक वर्षे मोहाची दारू घेत आला आहे आणि त्याच्या यकृताच्या तपासण्या किंचित वाढलेल्या आहेत. गॅस यकृताला मारक असतो, म्हणून पाठीतून भूल द्यावी, असा सर्जनांचा आग्रह आहे. हॅलोथेन आणि आयसोफ्लुरेन हे हुंगवून भूल देण्याचे दोन गॅस आहेत; आपल्याकडे हॅलोथेनचे एक जुने व्हेपोरायझर (द्रव औषधाची मोजून वाफ करणारे उपकरण) आहे आणि आयसोफ्लुरेनचे एक. गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात बरीच वर्षे भूल देत आल्यामुळे हा आक्षेप मला परिचित आहे. तो निराधार नाही, परंतु तो मुख्यतः हॅलोथेनला लागू पडतो आणि आपण सरसकट सगळ्या गॅसना लावतो.

यकृताला हृदयाच्या एकूण रक्तप्रवाहापैकी सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे मिनिटाला 1200 ते 1500 मिलिलिटर रक्त मिळते. त्यातले 70 ते 75 टक्के पोर्टल शिरेतून (आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून) येते आणि उरलेले यकृत धमनीतून. मात्र पोर्टल शिरेतले रक्त आतड्यांतून फिरून आलेले असल्याने ऑक्सिजनचा जवळजवळ निम्मा वाटा धमनीच उचलते. आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला सोपे आहे: शेताला कालव्याचेही पाणी आहे आणि विहिरीचेही, आणि कालवा आटला की विहिरीवरचा पंप जास्त वेळ चालवायचा. यकृतातही पोर्टल प्रवाह घटला की धमनीभोवती साचणारे अॅडेनोसिन (रक्तवाहिनी रुंदावणारे द्रव्य) वाहून जात नाही, त्यामुळे धमनी रुंदावते आणि काही अंशी तूट भरून निघते. ही भरपाई एकाच दिशेने चालते. धमनीचा प्रवाह घटल्यास पोर्टल शीर तो भरून काढत नाही.

हॅलोथेन नेमका इथे नडतो. 1956 मध्ये वापरात आलेल्या या औषधाने हृदयाची गती आणि आकुंचन मंदावून पोर्टल प्रवाह कमी होतो, आणि त्याच वेळी धमनीची भरपाई करण्याची क्षमताही दबते. कालवा आटलेला असताना भारनियमनाने पंपही बंद पडावा, तशी ही स्थिती आहे. ‘हॅलोथेन हेपॅटायटिस’ म्हणून जे ओळखले जाते ते मात्र वेगळे प्रकरण आहे. हॅलोथेनचा सुमारे 20 टक्के भाग यकृतात विघटित होतो, त्यातील घटक यकृताच्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्या प्रथिनांवर तुटून पडते. हा प्रकार अत्यंत विरळ आहे, परंतु घडला तर प्राणघातक ठरू शकतो, आणि ठरावीक काळात पुन्हा हॅलोथेन दिल्यास त्याची शक्यता वाढते. सर्जनांच्या बोलण्यात या दोन गोष्टी एकत्र मिसळतात आणि दोन्हींचा दोष ‘गॅस’ या एका शब्दावर येतो.

आयसोफ्लुरेनमुळेही पोर्टल प्रवाह थोडा घटतो, परंतु धमनीची भरपाई शाबूत राहते. म्हणून एक मॅकच्या (गॅसची मात्रा मोजण्याचे एकक; एक मॅकला निम्मे रुग्ण चीर दिल्यावर हलत नाहीत) आसपास आणि रक्तदाब सांभाळला असता यकृताचा एकूण पुरवठा बहुतांशी टिकून राहतो. त्याचे विघटनही जेमतेम 0.2 टक्के होते. सेवोफ्लुरेन या आणखी एका गॅसचा रक्तप्रवाहावरील परिणाम साधारण असाच आहे. मात्रा बरीच वाढवून रक्तदाब पडू दिला, तर कोणताच गॅस यकृताला वाचवू शकत नाही.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, एका रुग्णाची अशीच शस्त्रक्रिया झाली. आदल्या रात्रीपासून त्याने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता, बाहेर ऊन 45 अंशांच्या घरात होते, आणि यादीत त्याचा क्रमांक दुपारचा होता. भूल दिल्याबरोबर रक्तदाब कोसळला. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले, तेव्हा सगळ्यांनी गॅसकडे बोट दाखवले. मी मात्र माझाच भुलेचा कागद पुन्हा वाचला, आणि जवळजवळ अर्धा तास वरचा दाब 80 च्या खाली राहिल्याचे त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. गॅस आयसोफ्लुरेनच होता. सलाईन आधी भरायला हवे होते, ते मी भरले नव्हते.

यकृताचा प्रवाह घटवणाऱ्या इतर गोष्टींची चर्चा फारशी होत नाही. पोटाच्या वरच्या भागात रिट्रॅक्टर (अवयव बाजूला धरण्याचे हत्यार) लावून यकृत दाबून धरले की तेवढ्यानेच पुरवठा लक्षणीय घटतो, आणि हे काम गॅसचे नसून सर्जनांच्या सहायकाचे असते. श्वास देण्याची बॅग जोरजोरात दाबून गरजेपेक्षा अधिक श्वास दिल्यासही तेच होते. पाठीतून भूल देण्याचा पर्याय वाटतो तितका निर्धोक नाही, कारण पित्ताशयासाठी बधिरता छातीच्या वरच्या भागापर्यंत न्यावी लागते, त्यात रक्तदाब उतरतो, आणि दाबाच्या प्रमाणात यकृताचा पुरवठाही उतरतो.

आपल्या रुग्णाबाबत आधी रक्तातील आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), बिलिरुबिन (काविळीचे रंगद्रव्य) आणि अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन) पाहावे, जलोदर आहे का ते तपासावे. ताप, कावीळ आणि दुखरे यकृत एकत्र आढळल्यास ती दारूमुळे आलेली ताजी सूज असू शकते, आणि तसे असल्यास ही शस्त्रक्रिया पुढे ढकलणेच योग्य. सिरोसिस (यकृत कायमचे कठीण होऊन आकसणे) असेल तर पोर्टल प्रवाह मुळातच कमी असतो आणि यकृत धमनीवर अधिक विसंबून असते, त्यामुळे दाबाची घसरण त्याला दुप्पट भोवते. हे सगळे ठीक असल्यास मी आयसोफ्लुरेन वापरेन, सोबत स्नायू सैल करणारे, यकृतावर अवलंबून नसलेले अॅट्राक्युरियम देईन आणि फेंटानिल हे वेदनाशामक मोजून देईन, कारण फेंटानिल शरीराबाहेर टाकण्याचा वेग यकृताच्या रक्तप्रवाहावरच ठरतो. रुग्णाला सकाळी पहिल्या क्रमांकावर घ्यावे, शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी पिऊ द्यावे, आणि त्याचा नेहमीचा रक्तदाब वॉर्डातल्या कागदावरून आधीच पाहून ठेवावा, म्हणजे टेबलावर किती घसरण झाली हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.