जवळची तारीख

प्रिय मुली,

तुझा निरोप रात्री साडेअकराला वाचला. 'मॅडम, तो परत हुंगायला लागलाय. विशेष गृहाची शिफारस करू का?' कायदा मोडलेल्या पोरांच्या त्या बंद गृहात धाडायची शिफारस! फोनवर तू रडली असतीस आणि मी रागावले असते, म्हणून सकाळी उठून पत्रच लिहायला घेतलं.

तू त्याची परिविक्षा अधिकारी, बाल न्याय मंडळासाठी त्याच्यावर लक्ष ठेवणारी. त्याची मंडळासमोरची पुढची तारीख जवळची घे. मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकीचं त्याच्या आजूबाजूचं आहे.

व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर पोरगा अकरा दिवस नीट राहिला आणि बाराव्या दिवशी आजीला उशीखाली व्हाईटनरचा रुमाल सापडला, असं तू लिहितेस. तुला तो विश्वासघात वाटला. अगं, पण बाराव्या दिवशी झालं काय? कोण भेटलं, घरात कोण आलं, तो कुठे झोपला? एवढ्या लांब निरोपात त्याबद्दल एक ओळ नाही. तुला माहीत नाही, कारण तुझी आणि त्याची पुढची भेट दीड महिन्यानंतरची होती.

प्रशिक्षणात हे कोणी शिकवलं नाही म्हणतेस. खरं आहे. मंडळाच्या सदस्यांना नेमणुकीपासून ६० दिवसांत प्रशिक्षण द्यायचं, असं बाल न्याय कायद्यातच आहे. परिविक्षा अधिकारी म्हणून मलाही दोन दिवस बसवलं होतं. पहिल्या हजेरीपासून १५ दिवसांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा, त्याचा नमुना ६ कसा भरायचा, सगळं सांगितलं. पण कलम १८ खाली पोरगा ३ वर्षांपर्यंत परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली बाहेरच, राहू शकतो, मंडळ त्याला व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला लावू शकतं, मग त्या ३ वर्षांतल्या मंगळवारी-बुधवारी आपण करायचं काय? त्यावर दोन दिवसांत कोणी बोललं नाही.

ज्यांनी त्यावर विचार केला त्यांचं ऐक. व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचारांकडे वळवणारं पहिलं खास न्यायालय अमेरिकेत मायामीला १९८९ साली सुरू झालं. आता तिकडे ती हजारांनी आहेत. लघवीची तपासणी, समुपदेशन, सगळं आहेच. पण कणा आहे तो तारखेचा. सुरुवातीच्या काळात माणूस साधारण दर दोन आठवड्यांनी न्यायाधीशासमोर उभा राहतो, आणि न्यायाधीश वकिलाला बाजूला ठेवून थेट त्याच्याशी बोलतात. प्रत्येकाला सरासरी ३ मिनिटं तरी मिळतात तिथे माणसं पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळतात, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. तीन मिनिटं! आपल्याकडे कोर्टाची तारीख म्हटलं की माणूस कपाळाला हात लावतो. व्यसनात अडकलेल्या पोराला मात्र तारीख हेच औषध आहे, आणि औषध तीन महिन्यांतून एकदा देत नाहीत.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्याकडे एक पोरगा होता, वय १७ वर्षं ९ महिने. स्टेशनवर राहायचा. हुंगणं सुटत आलं होतं. मार्चअखेर होती, फायलींचा ढीग होता, मी त्याला जूनअखेरची तारीख दिली. मध्ये तो दोनदा कार्यालयात येऊन गेला. शिपायाने सांगितलं, 'तुझी तारीख नाही आज.' बाहेरच्या बाकावर तासभर बसला आणि गेला. मला हे कळलं जुलैत. तोवर तो अठरा पूर्ण झाला होता आणि व्हाईटनरवरून पावडरवर गेला होता. पुढे दोन पुड्यांसकट पकडला गेला. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर ते कायद्याने अल्प प्रमाण. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३९ खाली कोर्ट अशा व्यसनीला दोषी ठरवल्यावरही शिक्षेऐवजी उपचारांना पाठवू शकतं. स्वतःहून उपचार मागणाऱ्याला कलम ६४अ खटल्यापासूनच वाचवतं. मला हे पाठ होतं. पण माझी फाईल बंद झाली होती, केस माझी नव्हती, मी त्या कोर्टात गेले नाही. कोणी काही मागितलं नाही आणि तो शिक्षा भोगून आला.

त्यानंतर मी एकाही पोराला १५ दिवसांपलीकडची तारीख दिली नाही. मंडळाची तारीख लांब पडली तर माझ्या टेबलाची तारीख दिली. वरिष्ठांनी प्रवासभत्त्यावरून लेखी खुलासा मागितला, मी दिला आणि नंतर स्वतःच्या पैशाने फिरले. सहकारी म्हणाले, ही पोरांना लाडावते. माझ्या लेकीच्या दहावीच्या वर्षात मी किती संध्याकाळी घराबाहेर होते हे तिने मला मोजून सांगितलं आहे. तिचं दुःख खरं आहे. तरीही मी चुकले असं मी म्हणणार नाही. जवळच्या तारखा देऊनही काही पोरं हातची गेली, तीही मला नावानिशी आठवतात. पण ती कधी घसरली ते मला त्याच आठवड्यात कळलं, आणि आणखी एकदा धरून बघता आलं.

तेव्हा विशेष गृहाचं आत्ता डोक्यातून काढ. खटल्याच्या वाटेवरून मुलाला वळवावं, हे तत्त्व बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्येच लिहिलंय. ते कोणी तुझ्यासाठी उघडून वाचणार नाही. अहवालात खोटं मात्र लिहू नको. अकरा दिवस राहिला, बाराव्या दिवशी घसरला, असं दिवस मोजून लिही आणि त्याखाली १४ दिवसांनंतरची तारीख माग. नाही मिळाली तर गुरुवारी तुझ्याकडे बोलव. आला नाही तर शुक्रवारी सकाळी तू जा, दहाच्या आत, म्हणजे घरी सापडेल. शिपायाला आजच सांगून ठेव की हा पोरगा कधीही आला तरी आत सोडायचा.

आजीच्या घरी कालनिर्णय असेलच. तो उतरवून घे, पेन त्याच्या हातात दे आणि गुरुवारला गोल त्यालाच करू दे. गोल केलेल्या पानाचा फोटो मला पाठव.

तुझी,
ताई