‘कस्टम ऑर्डर परत घेत नाही’ असे बिलावर छापले असेल तर?

प्रश्न : आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी पुण्याच्या एका प्रिंटिंग सेवेकडून ६० बाय ४० इंची कॅनव्हास ऑनलाइन मागवला, ९,५०० रुपये आगाऊ भरले. जाहिरात शुद्ध सुती कॅनव्हासची होती. आलेल्या प्रिंटवर आडव्या रेघा आहेत, कोपऱ्यांवर रंग तडकला आहे, चेहरे धूसर आहेत. कापडही सुती वाटत नाही. बिलावर ‘कस्टम ऑर्डर परत घेत नाही’ असे आहे. काय करू? (नाशिक)

उत्तर : त्या ओळीला घाबरू नका. प्रिंट नुसती आवडली नाही म्हणून परत करायची असती, तर ती आड आली असती. माल सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल, तर ऑनलाइन विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० मध्ये हे स्पष्ट आहे.

धूसर चेहऱ्यांचा मुद्दा मात्र आधी तपासा. इंचाला १०० पिक्सेल धरले तरी ६० इंचांना ६,००० लागतात. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली फाइल १,६०० पिक्सेलची असेल, तर इंचाला २७सुद्धा पडत नाहीत. मग हा मुद्दा मागे ठेवा, नाहीतर ते सगळे खापर फाइलवर फोडतील. रेघा आणि तडे फाइलमुळे येत नाहीत. कोपऱ्याची घडी उजेडात धरा. शाईखालचा पांढरा थर दिसत असेल, तर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. मागच्या बाजूचा एक सुटा धागा जाळून पाहा : सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. ही फक्त तुमच्या खात्रीसाठी. गरज पडल्यास ग्राहक आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवतो, म्हणून प्रिंट दुरुस्त करू नका, खोकेही टाकू नका.

त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आजच ईमेल करा. ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण, हे त्याच्यावर बंधनकारक आहे. दाद लागली नाही, तर १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग नोटीस पाठवा. शेवटी जिल्हा आयोग आहेच, आणि तोही नाशिकचाच, पुण्याला खेटे घालायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

दुसरीकडे ऑर्डर देताना कापड, शाईचा प्रकार आणि फ्रेमची जाडी लेखी घ्या, मूळ फाइलवरून छापलेला छोटा नमुनाही मागा. दीड इंच जाडीच्या फ्रेमवर फोटो कडेने वळवला, तर चारही बाजूंनी दीड-दीड इंच चित्र समोरून जाते. प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधी मंजुरीसाठी दाखवतात त्या प्रतीत, ते मोजा आणि मगच होकार कळवा. होकारानंतर कापलेल्या डोक्याची तक्रार टिकवणे अवघड जाते.