वायफायवर आपल्याच फोनच्या फ्रेम लॅपटॉपवर का दिसत नाहीत?

प्रश्न : घरच्या वायफायवर माझ्याच फोनची रहदारी तपासायची आहे. लिनक्स लॅपटॉपवर प्रॉमिस्क्युअस मोड (इतरांसाठीचा डेटाही घेण्याची कार्डाची स्थिती) लावला, तरी फक्त लॅपटॉपच्याच फ्रेम, म्हणजे डेटाची पाकिटं, दिसतात. कार्ड बिघडलंय का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : कार्ड ठणठणीत आहे. वायफाय फ्रेममधला पहिला पत्ता, म्हणजे पाचव्या ते दहाव्या बाइटपर्यंतचे 6 बाइट, हा स्वीकारणाऱ्याचा. कार्डाची चिप तो स्वतःच्या मॅक पत्त्याशी (कार्डाच्या ओळख क्रमांकाशी) ताडून पाहते. जुळला तर 2.4 गिगाहर्ट्झवर 10 मायक्रोसेकंदांत पोच (फ्रेम मिळाल्याची पावती) द्यावी लागते. एवढ्या वेळात ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) विचारणं शक्यच नाही, म्हणून ही गाळणी चिपमध्येच असते. न जुळलेली फ्रेम सहसा तिथेच टाकली जाते. या पत्त्याच्या पहिल्या बाइटचा शेवटचा (सर्वांत कमी किमतीचा) बिट 1 असेल तर ती फ्रेम समूहासाठीची. तिचा निर्णय वेगळा होतो.

प्रॉमिस्क्युअस मोडने ही गाळणी उघडत नाही; त्यासाठी मॉनिटर मोडच हवा, म्हणजे हवेतली प्रत्येक फ्रेम जशीच्या तशी घेण्याची स्थिती. 'आयडब्ल्यू लिस्ट' (iw list) या आज्ञेच्या यादीत तो आहे का, ते आधी बघा. मग नेटवर्क मॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) थांबवा, वायफायचा इंटरफेस बंद करा, त्याचा प्रकार मॉनिटर करा, पुन्हा चालू करा. चॅनेल राउटरचाच ठेवा, आणि रुंदीसुद्धा! राउटर 80 मेगाहर्ट्झवर आणि तुम्ही 20 वर असाल, तर बीकन (राउटर स्वतःची ओळख सांगतो त्या फ्रेम) दिसतील, डेटा निसटेल. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

वायफायला डब्ल्यूपीए2 हे कूटलेखन असेल तर मजकूर वाचायला नुसता पासवर्ड पुरत नाही. फ्रेमची नोंद सुरू करून मगच फोनचं वायफाय बंद-चालू करा. जोडणीच्या वेळचे चार संदेश हाती लागल्याशिवाय मजकूर उलगडत नाही.