वाचकांचे प्रश्न : खाण्याचा सोडा, स्वयंपाकात आणि औषधात

या महिन्यात खाण्याच्या सोड्याविषयी इतकी पत्रे आली, की इतर विषय पुढच्या अंकासाठी राखून हे सदर केवळ त्यालाच दिले आहे. पत्रांतील मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर आणि फ्रूट सॉल्ट यांपैकी एकाऐवजी दुसरे वापरले तर चालते का? शिवाय माझ्या ढोकळ्यावर अधूनमधून लाल ठिपके उमटतात, ते कशामुळे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तिन्हींतला कामाचा घटक एकच आहे, तो म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. फरक आहे तो त्याच्याशी अभिक्रिया करणारे आम्ल कोठून येते एवढाच. नुसत्या सोड्याला आम्ल आपण पुरवायचे असते, मग ते दह्याचे असो, ताकाचे असो वा लिंबाचे. बेकिंग पावडरमध्ये कोरडी आम्लधर्मी लवणे आणि ओलावा शोषणारा स्टार्च आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे तिच्यात सोड्याचा वाटा कमी असतो आणि एक चमचा सोड्याचे काम करायला तिचे साधारण तीन चमचे लागतात. फ्रूट सॉल्टमध्ये सायट्रिक आम्ल असते आणि ते पाण्याचा स्पर्श होताच कामाला लागते, म्हणून ते घातलेले पीठ ताबडतोब वाफेवर ठेवावे लागते.

आम्ल नसले तरी सोडा पीठ फुगवतो, कारण उष्णतेनेही त्याचे विघटन होते. पण हा व्यवहार तोट्याचा आहे. आम्लाबरोबर ८४ ग्रॅम सोड्यापासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, तर केवळ उष्णतेने त्याच्या निम्मा, म्हणजे २२ ग्रॅमच मिळतो आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजेच धुण्याचा सोडा, उरतो. ताक न घालता केलेल्या पदार्थाला येणारी साबणासारखी चव ती हीच.

लाल ठिपक्यांचे कारण हळद आहे. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळे राहते आणि सोड्यासारखा आम्लारी पदार्थ भेटला की तांबडे होते. पिठात सोड्याचा कण न विरघळता राहिला, तर त्याच्याभोवती नेमका तेवढाच ठिपका पडतो. सोडा चमचाभर पाण्यात पूर्ण विरघळवून शेवटी घालावा आणि पिठात लिंबाचा रस पुरेसा असल्याची खात्री करावी.

हरभरे किंवा छोले लवकर शिजावेत म्हणून सोडा घालण्याविषयीही काही जणांनी विचारले आहे. सोड्यामुळे दाण्यांच्या पेशीभित्तिकांतील पेक्टिन सैल होते आणि दाणा मऊ पडतो, हे खरे. परंतु त्याबरोबर आम्लारी पाण्यात टिकाव न धरणारे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. घरात प्रेशर कुकर असताना ही किंमत मोजण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

प्रश्न : लोणार सरोवराच्या काठावर मिळणारा खार आणि दुकानातला सोडा एकच का?
— एक वाचक, बुलढाणा

उत्तर : नाते जवळचे आहे, पण दोन्ही एक नव्हेत. उल्कापाताने बेसाल्टमध्ये तयार झालेल्या लोणारच्या विवरातून पाणी बाहेर वाहून जायला वाट नाही. आलेले पाणी बाष्पीभवनाने उडते आणि क्षार मागे साठत जातात. या पाण्याचा सामू (pH, आम्ल-आम्लारीपणाचे माप) १० च्या आसपास असतो आणि त्यात मीठ, सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचे मिश्रण असते. पूर्वी येथून खार काढून विकला जात असे. तो अशुद्ध असल्याने खाण्यात वापरू नये.

दुकानातल्या सोड्याचा उगम मिठात आहे. बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्वे यांनी १८६१ मध्ये बसवलेल्या पद्धतीत मिठाच्या संपृक्त पाण्यात प्रथम अमोनिया आणि मग कार्बन डायऑक्साइड सोडतात. मिश्रणातील सर्व लवणांत सोडियम बायकार्बोनेट सर्वांत कमी विरघळणारे असल्यामुळे तेच तळाशी बसते, आणि साऱ्या प्रक्रियेची युक्ती एवढ्यात सामावली आहे. ते भाजून धुण्याचा सोडा करतात. खाण्याच्या व औषधाच्या प्रतीसाठी तोच पुन्हा विरघळवून त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो. गुजरातेत मिठापूर येथे १९३९ साली स्थापन झालेला टाटा केमिकल्सचा उद्योग याच मीठ आणि सोड्यावर उभा आहे.

प्रश्न : माझे वडील सत्तरीचे असून त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. जळजळ होते म्हणून ते रोज रात्री जेवणानंतर अर्धा चमचा सोडा पाण्यातून घेतात आणि ढेकर आली की बरे वाटते असे सांगतात. हे योग्य आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, आणि रक्तदाब असल्यामुळे तर मुळीच नाही. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाशी सोड्याची अभिक्रिया होऊन मीठ, पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून काही मिनिटांत आराम वाटतो. ढेकर मात्र त्या वायूची असते; तिचा पचनाशी संबंध नाही.

अर्ध्या चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम सोडा मावतो आणि वजनाच्या सुमारे २७ टक्के भाग सोडियमचा असल्यामुळे त्यातून ६५० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत सांगितली आहे, म्हणजे तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा वडील झोपण्यापूर्वी एका पेल्यात संपवतात. ताटातले मीठ कमी करून पेल्यातून सोडा घेणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे होय.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. एवढा सोडा मारायला लागणारे आम्ल जठरात बहुधा नसतेच, त्यामुळे उरलेला सोडा आतड्यांतून रक्तात शोषला जातो. निरोगी मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. ती थकलेली असतील, तर रक्तातील बायकार्बोनेट वाढते आणि पोटॅशियम घसरू शकते. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असताना सोडाही बराच घेतला, तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. काही औषधांचे शोषणही सोड्यामुळे बदलते. पोट तुडुंब भरलेले असताना सोडा घेऊन जठर फाटल्याच्या घटना अत्यंत विरळ आहेत, पण वैद्यकीय नियतकालिकांत त्यांची नोंद आहे.

एखाद्या वेळी घेतलेल्या चिमूटभर सोड्याने निरोगी प्रौढाचे नुकसान होत नाही. परंतु रोजची जळजळ तपासून घ्यावी, आणि गिळताना अडथळा, काळी शौचास होणे किंवा वजन घटणे यांपैकी काहीही असेल तर विलंब करू नये. छातीतील जळजळ हृदयविकाराचीही असू शकते. घाम, धाप किंवा हातात अथवा जबड्यात कळ असताना सोड्याचा पेला शोधत बसू नये, रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मग माझ्या आईला मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी सोडियम बायकार्बोनेटच्याच गोळ्या कशा दिल्या? आणि सोड्याने शरीर ‘अल्कलाइन’ करून कर्करोग बरा होतो, हे खरे आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : डॉक्टरांनी गोळ्या रक्त तपासून दिल्या असणार. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो आणि तो राखण्याचे मोठे काम रक्तातले बायकार्बोनेटच करते. मूत्रपिंडे क्षीण झाली की शरीरात रोज तयार होणारे आम्ल साठते आणि बायकार्बोनेट खर्ची पडते. ही तूट मोजून मात्रा ठरवतात. सूज आणि रक्तदाब यांवरही लक्ष ठेवतात. म्हणून आईंनी गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत आणि त्यांच्याऐवजी चमच्याने सोडाही घेऊ नये. ॲस्पिरिनच्या किंवा नैराश्यावरील काही जुन्या औषधांच्या विषबाधेत याच द्रव्याचे इंजेक्शन प्राण वाचवते. हृदय थांबल्यावर ते पूर्वी सर्रास देत. आता ठरावीक कारण असेल तरच देतात.

या औषधाचा सर्वांत मोठा पराक्रम मात्र अगदी साधा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली आणि पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते तोंडाने पाजायला लावले, आणि तेथील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. जुलाबावाटे शरीरातील बायकार्बोनेट निघून जाते, ते भरून काढण्यासाठी त्यात सोडा होता. उष्ण, दमट हवेत या मिश्रणाची पाकिटे टिकत नसल्यामुळे पुढे सोड्याची जागा सोडियम सायट्रेटने घेतली.

कर्करोगाचा दावा निराधार आहे. गाठीच्या भोवती आम्लता जास्त असते, एवढ्या खऱ्या गोष्टीवर तो रचलेला आहे. पण सोडा पिऊन ती आम्लता निवडून घालवता येत नाही, कारण शरीर जादा बायकार्बोनेट लघवीवाटे काढून टाकते. असा उपचार करणाऱ्या इटलीतील एका डॉक्टराला वैद्यकीय परवाना गमवावा लागला. केमोथेरपीत तोंड आल्यावर मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या करायला सांगतात, पण त्या तोंडाच्या आरामासाठी असतात.

प्रश्न : तुंबलेल्या सिंकमध्ये सोडा आणि व्हिनेगर ओतावे का? द्राक्षे सोड्याच्या पाण्यात धुतल्याने औषधफवारणीचा अंश जातो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सिंकचा फेस दिसायला जोरदार असतो, पण तो ओसरल्यावर खाली सोडियम ॲसिटेटचे सौम्य पाणी उरते, ज्यात ना सोड्याचा तेलकटपणा काढण्याचा गुण राहतो, ना व्हिनेगरचा. दोन्ही वेगवेगळे वापरावेत : तेलकट ओट्याला सोडा आणि नळावरच्या पांढऱ्या थराला व्हिनेगर. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना सोडा लावू नये, ती काळवंडतात.

फळांबाबत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा २०१७ मधील प्रयोग उपयोगी आहे. सफरचंदांवर लावलेली दोन कीडनाशके सोड्याच्या एक टक्का द्रावणात १२ ते १५ मिनिटांत पृष्ठभागावरून निघाली. सालीत मुरलेला अंश मात्र तसाच राहिला. हा प्रयोग द्राक्षांवर झालेला नसल्यामुळे त्याचे आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, तरी लिटरभर पाण्यात दोन सपाट चमचे सोडा घालून घड दहा-पंधरा मिनिटे ठेवायला आणि नंतर वाहत्या पाण्यात नीट खंगाळायला हरकत नाही.