नाइटचं चिलखत: आधी सांधे, मग नक्षी

प्रश्न: चित्रकथेसाठी एका स्त्री-नाइटचं पात्र रेखाटत आहे. खांद्यांवर मोठे घुमटाकार पत्रे, शिरस्त्राणाला शिंगं, देहाच्या उभारांप्रमाणे घडवलेला छातीचा पत्रा आणि पाठीवर उंचीएवढी तलवार. चित्र आवडतं, पण 'ही हात वर कसा करणार?' असं सगळे विचारतात. देखणेपण न घालवता काय बदलू?

उत्तर: शंका रास्त आहे. हात डोक्यावर नेताना खांदा कानाकडे सरकतो. तिथे एकसंध घुमट असला तर त्याची कड शिरस्त्राणावर आपटते आणि हात अर्ध्यातच अडतो. खऱ्या चिलखतात हा भाग एकावर एक चढणाऱ्या पट्ट्यांचा असे. पट्ट्या आतून चामड्याच्या वादीला ठोकलेल्या, काही रिव्हेट लांबट खाचेत सरकणारे. मोठा आकार ठेवा, फक्त त्याच्या अशा पट्ट्या करा. डावा खांदा मोठा, उजवा लहान ठेवून पाहा. 15व्या शतकातल्या इटालियन चिलखतांत उजव्या बाजूला भाला काखेत धरायला जागा सोडलेली असे, आणि ही विषमता चित्रात फार सुंदर दिसते.

छातीच्या पत्र्याचे दोन उभार मात्र काढून टाकाच. त्यांच्यामधल्या खोलगट जागेत तलवारीचं टोक घसरून नेमकं छातीच्या हाडावर येतं. मधोमध फुगीर असलेला एकच पत्रा वार दोन्ही बाजूंना उडवतो आणि आत गादीसारख्या जाड अंगरख्याला जागा देतो. हा पत्रा कमरेच्या सर्वांत बारीक भागाशी संपवा. त्याखाली आला तर तिला वाकता येणार नाही, बसताना वरची कड गळ्यात रुतेल. कमरेखाली पट्ट्यांचा घेर द्या. फुगीर छाती, बारीक कंबर, खाली घेर: डौल इथेच येतो, वेगळा आणावा लागत नाही.

गोल शिरस्त्राणावरून निसटणारा वार शिंगात अडकतो आणि मानेला पीळ बसतो. उंच तुरा हवाच असेल तर पिसांचा द्या. स्पर्धांच्या मैदानात नाइट शिरस्त्राणावर उंच मानचिन्हंही मिरवत, पण ती चामडं, लाकूड, कापड अशा हलक्या वस्तूंची असत.

नक्षीला भरपूर वाव आहे, आणि उत्तम नक्षी कामाचीही असते. 16व्या शतकाच्या सुरुवातीच्या जर्मन चिलखतांवरच्या उभ्या पन्हळींमुळे पातळ पत्रा ताठ राहतो. गळ्याखालची उंच उठवलेली कड तलवारीच्या टोकाला गळ्याकडे जाऊ देत नाही. तिला दोरीचा पीळ द्या. पितळी काठ, कोरलेले पट्टे हेही चालतील. पोलाद सुमारे 300 अंश सेल्सिअसला तापवलं की निळं होतं, म्हणून निळं चिलखतही खरंच. काख आणि कोपराची आतली बाजू पत्र्याने झाकणं अवघड असतं. तिथे कड्यांची जाळी दाखवा.

तलवार कमरेला आणा. हातापेक्षा लांब पातं पाठीवरच्या म्यानातून पूर्ण बाहेर येत नाही. कमरेला लावायची दोन हातांची तलवार साधारण सव्वा ते दीड किलोची असते, तोल परजेपासून (मुठीपुढच्या आडव्या दांडीपासून) चार बोटं पुढे. त्यामुळे रुंद फळीसारखं पातं नको, टोकाकडे निमुळतं करा. समोरचाही चिलखतात असेल तर धार पत्रा कापत नाही. तेव्हा तिने एक हात पात्यावर धरून टोक फटीत खुपसावं, किंवा तिच्या हाती युद्धहातोडा द्या.

शेवटी तिला पाच अवस्थांत काढा: हात वर, हात विरुद्ध खांद्यावर, बसलेली, गुडघ्यावर, वाकलेली. जिथे दोन पत्रे एकमेकांत शिरतात तिथे आणखी पट्ट्या हव्यात.

प्रश्न: असंच चिलखत फोमचं करून घालायचं आहे. जाडी किती घ्यावी?

उत्तर: ईव्हीए फोम घ्या: छातीला 10 मिमी, हातापायांना 5 ते 6, काठांना 2. कापल्यावर हीट गनने पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत तापवा, नाहीतर छिद्रं रंग पिऊन टाकतात. गरम असतानाच गोलाई द्या. कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही कडांना लावून, बोटाला चिकटेनासं झाल्यावरच जोडा. ओलं असताना जोडलेला सांधा उघडतो. खिडकी उघडी ठेवा. खांदे छातीला चिकटवू नका, वाद्या आणि बक्कल लावून लटकवा.