जळगावहून नोकरीसाठी अमेरिकेला जाताना बँक खाते आणि क्रेडिट कार्ड यांची व्यवस्था कशी करावी?

अमेरिकेत खाते उघडणे तुलनेने सोपे आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि पत्त्याचा पुरावा दाखवल्यास अनेक बँका सोशल सिक्युरिटी क्रमांक (नोकरी आणि करासाठीचा तिथला सरकारी ओळख क्रमांक) मिळण्यापूर्वीही खाते उघडून देतात. खरी अडचण कार्डाची, कारण आपला सिबिल स्कोअर, म्हणजे भारतातल्या कर्जफेडीवरून ठरणारा पतगुणांक, उत्तम असला तरी तिथल्या बँका सहसा तो विचारात घेत नाहीत. म्हणून आरंभी अनामत रक्कम ठेवून मिळणारे सिक्युअर्ड कार्ड घ्यावे आणि दरमहा संपूर्ण बिल मुदतीत भरावे.

जळगावचे बचत खाते मात्र आहे तसे चालवू नका, हे मी आग्रहाने सांगतो. अनिवासी झाल्यावर फेमा या परकीय चलनविषयक कायद्यानुसार ते एनआरओ (अनिवासी भारतीयांसाठीच्या रुपयांतील) खात्यात बदलावे लागते, आणि घरभाडे किंवा रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेचे उत्पन्न त्यात जमा करता येते. ओटीपीसाठी इथला मोबाइल क्रमांकही चालू ठेवा.