स्कॅनरवर पी०१०१ येतोय, एअर फ्लो सेन्सर खरंच गेलाय का हे घरी कसं तपासायचं?

तुमचा मेकॅनिक म्हणतोय कोड आला म्हणजे सेन्सर गेला, हे प्रश्नात वाचलं आणि राहवलं नाही. साफ चूक आहे. सेन्सर सांगतोय ती हवा आणि ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) हिशोबातली हवा यांचा मेळ बसत नाही, पी०१०१ चा अर्थ एवढाच. चूक कोणाची ते कोड सांगत नाही.

वडिलांची टर्बो डिझेल खंबाटकीच्या चढाला ओढेनाशी झाली, मागे नुसता काळा धूर. दाजींच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, हाच कोड बघितला आणि नवीन सेन्सर मागवायला निघाला, दाजी पण त्याच्याच बाजूने. मी म्हटलं थांबा. लाइव्ह डेटा लावला तर रेस वाढवेल तसं रीडिंग छान चढत होतं, कुठे अडकत नव्हतं. सेन्सरचा कनेक्टर काढून चालवली तरी गाडी तशीच मेलेली. मग इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करतो तो) होजवरून हात फिरवला तर खालच्या बाजूला क्लिपपाशी तेलाने ओली, आणि तिथेच चीर! सेन्सरने मोजलेली हवा त्या चिरेतून बाहेर जात होती आणि ईसीयू ती इंजिनात गेली असं धरून डिझेल सोडत होता, मग धूर येणार नाही तर काय. होज बदलला, कोड उडवला, परत आला नाही. दाजी अजून म्हणतात सेन्सरनेही काम झालं असतं. नसतं झालं, फाटका होज सेन्सर बदलून शिवला जात नाही.

तुम्ही पण कनेक्टर काढून बघा, गाडी सुधारली तर मात्र सेन्सरवर संशय घ्या. १.२ लिटर पेट्रोल असेल तर गरम इंजिनला आयडलवर, म्हणजे रेस न देता, साधारण २ ते ३ ग्रॅम प्रति सेकंद दिसायला हवं. डिझेलला ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा असला की आयडलचं रीडिंग कमीच येतं, त्यावरून निकाल लावू नका. मल्टिमीटरने सप्लाय आणि अर्थ बघाच, पण बऱ्याच नव्या सेन्सरचा सिग्नल फ्रिक्वेन्सीचा असतो, तो व्होल्टवर कळत नाही. साफ करायचा तर फक्त एमएएफ क्लीनरने (एमएएफ म्हणजे हाच एअर फ्लो सेन्सर), कार्ब्युरेटरचा कार्ब क्लीनर नको, आतल्या तारेला फडकं तर अजिबात लावू नका, आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका.

आणि त्या मेकॅनिकला सांगा, आधी एअर फिल्टर, होज आणि क्लिपा माझ्यासमोर बघ, सेन्सरचं नंतर बोलू.